पात्रसच्या जागी

ऑक्टोबर सरत आला तरी सलमाबादच्या यार्डात सिमेंटची गोणी सकाळी नऊलाच हाताला गरम लागायची. उन्हाळा संपला असं सगळे म्हणायचे, पण अंगाला चिकटणारी दमट हवा काही हटत नव्हती, आणि मआमीरकडून वारा फिरला की कारखान्यांचा कुजका वास थेट नाकात शिरायचा. अलोशियस रुमावला त्याचं काही वाटायचं नाही. अडतीस वर्षं तो बहारीनच्या हवेत सिमेंट कालवत होता. आता सहासष्टीला कंपनीनं त्याला उंचावरच्या कामावरून खाली उतरवून यार्डात बसवलं होतं. फुटपाथच्या कडेचे दगड ओतायचे, साचे धुऊन तेल लावून ठेवायचे, आणि ख्रिस्ती सिमेटरीचं जे काही काम कंपनीकडे येईल ते करायचं.

हे दिवस सिमेटरीच्या कामाचेच. दोन नोव्हेंबरला मयतांचा दिवस. त्या दिवशी गावोगावचे लोक आपापल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्ती लावायला येतात, म्हणून आठवडाभर आधी खचलेली माती भरायची, कलते क्रूस सरळ करायचे, चुना मारायचा. कामांची यादी चर्चच्या ऑफिसातून मिळायची. तिथं मालू नावाची केरळची मुलगी होती. तिला येऊन सहा महिने झाले होते आणि ती अलोशियसला फक्त गवंडी म्हणून ओळखत होती.

त्या सोमवारी तिनं यादी दिली आणि वर एक वेगळा कागद ठेवला. ऑस्ट्रेलियाहून एक मिनिस्टर व्यापाराच्या कामासाठी येतोय, त्याला आपल्या बापाच्या कबरीवर फुलं वाहायची आहेत, ती कबर शोधून नीट करायची, असं तिनं हिंदीत सांगितलं. मग हसून म्हणाली, “अंकल, नाम देखो. आप का ही नाम है.”

अलोशियसनं खिशातून चष्मा काढला. कागदावर इंग्रजीत होतं, लेट अलोशियस रुमाव, मृत्यू १४ ऑगस्ट १९९६. तोही हसला. कागदावरच्या चुकांची त्याला सवय होती. एकदा सात वर्षं त्याच्या ओळखपत्रावर दुसऱ्याच कुणाचं जन्मगाव छापलेलं होतं आणि त्यानं त्याचं काही अडलं नव्हतं. मिनिस्टर म्हणजे आपला मुलगा नायजेल, हे तर त्याला कागद वाचण्याआधीच कळलं होतं. पोरगा येतोय हे आपल्याला घरी कुणी बोललं कसं नाही, एवढंच मनात आलं. मग त्यानं तारीख पुन्हा वाचली. ती तारीख चुकीची नव्हती. त्या तारखेला खरंच एक माणूस मेला होता आणि तो कुठं पुरलाय हे अलोशियसइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

“मिल जायेगा,” तो म्हणाला आणि फावडं घेऊन सिमेटरीकडे निघाला.

तिसऱ्या ओळीत भिंतीकडून चौथा क्रूस. सिमेंटचा, कंबरेएवढा, त्यावर इंग्रजीत एकच शब्द: रुमाव. तो अलोशियसनं स्वतः ओतला होता. खाली पात्रस होता.

पात्रस पाकिस्तानातला, फैसलाबादकडचा, ख्रिस्ती. कफील, म्हणजे त्याला व्हिसावर आणणारा मालक, पळून गेला, पासपोर्ट त्याच्याबरोबर गेला, आणि पात्रस बिनकागदाचा राहिला. अलोशियसच्या हाताखाली तो विटा द्यायचा. दर शुक्रवारी जिदहफ्सला रुमावांच्या खोलीवर जेवायचा आणि अलोशियसची बायको कार्मेल हिच्या हातचं सुक्या बोंबलाचं कालवण पुन्हा पुन्हा मागून घ्यायचा. शहाण्णवच्या ऑगस्टात, भर दुपारी, स्लॅबवर काम चालू असताना तो म्हणाला, मला थंडी वाजतेय. सगळे हसले. अर्ध्या तासात तो ट्रकच्या सावलीत अलोशियसच्या मांडीवर गेला. नायजेल तेव्हा अकरा वर्षांचा, बापाचा डबा घेऊन आलेला. त्यानं सगळं पाहिलं. पात्रसच्या घरचा पत्ता कुणाकडेच नव्हता.

वसईकडं भुईगावात रुमावांच्या आळीत एक रीत होती. क्रूसावर माणसाचं नाव लिहायचं नाही, घराचं लिहायचं. घरात राबणारा गडी मेला तरी तो घराच्याच कबरीत, घराच्याच क्रूसाखाली जायचा. बिनघराचं कुणाला मातीत ठेवायचं नाही. अलोशियसनं इथं तेच केलं. फादरना सांगितलं, हा आमच्या घरचा. क्रूसावर रुमाव लिहिलं, नायजेलला बाजूला उभा करून फोटो काढला आणि गावी आईला पाठवला. आई फोटो बघून म्हणाली होती, बरं केलंस.

आता तो कबरीपाशी बसला आणि थापीनं कडा साफ करायला लागला. क्रूसाच्या पायथ्याशी थापी कशात तरी रुतली. त्यानं खरवडलं तर मेण निघालं. वरचं पांढरं, खालचं धुळीनं पिवळं, त्याखाली आणखी. एका वर्षाचं नव्हतं ते. अलोशियस दरवर्षी दोन तारखेला सगळ्यांच्या मागं राबत असायचा, त्यामुळे पात्रसला मेणबत्ती तो आदल्या दिवशीच लावायचा आणि ती डाव्या बाजूला, वारा लागू नये म्हणून. हे मेण उजव्या बाजूला होतं. इतकी वर्षं इथं दुसरं कुणीतरी येत होतं. त्याच्या पाठीवरचा घाम एकदम गार झाला. मागं कुणी उभं आहे असं वाटून त्यानं वळून पाहिलं. क्रूसांच्या ओळी सोडल्या तर काही नव्हतं. भिंतीवरच्या पोकळ ब्लॉकांतून वारा जात होता आणि कुणी दात मिटून गुणगुणावं तसा आवाज येत होता.

दुपारी तो घरी गेला. घर म्हणजे वेन्डीचा फ्लॅट. ही त्याची मुलगी, नर्स. तिचा नवरा सौदीला कामाला असायचा आणि गुरुवारी पूल ओलांडून यायचा. त्या दिवशी वेन्डी शिफ्टला गेली होती. कार्मेल इस्त्री करत होती. टेबलावर काळा झगा पसरला होता, नवा, तिनं स्वतः शिवलेला.

“कोण मेलं?” अलोशियसनं विचारलं.

कार्मेलनं इस्त्री उभी ठेवली. तिला खोटं बोलायला वेळ होता, पण ती बोलली नाही. बहुतेक तिलाही ते ओझं आता पेलत नव्हतं. ती खाली बसली आणि एकेक सांगत गेली, आणि अलोशियस दारातच उभा राहून ऐकत राहिला.

नायजेल शिकायला पर्थला गेला हे त्याला माहीत होतं. तिथं भांडी घासली, पदवी घेतली, मग बांधकाम मजुरांच्या युनियनमध्ये लागला, उन्हात जाऊन मजुरांशी बोलायचा, हेही माहीत होतं. मग तिथल्या राज्याच्या विधानसभेला उभा राहिला. उभा राहिला तेव्हा एका छोट्या पेपरची बाई त्याच्या घरी आली. भिंतीवर तो फोटो होता, पोरगा आणि क्रूस, क्रूसावर रुमाव. तिनं विचारलं, हे काय? नायजेलनं सांगितलं की माझ्यासमोर एक माणूस उन्हानं मेला, माझ्या बापाच्या मांडीवर. बाईनं नीट ऐकलं नाही की तिला तेच लिहायचं होतं, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की रुमावचा बाप बहारीनमध्ये उन्हानं मेला. दुपारपर्यंत चूक कळवतो, असं नायजेल आईला फोनवर बोलला होता. दुपारपर्यंत दोनशे लोकांचे मेसेज आले. मजूर रडत होते. संध्याकाळी तो बोलला, निवडणूक होऊ दे.

निवडणूक झाली. तो निवडून आला. विधानसभेतल्या पहिल्या भाषणाचा व्हिडिओ घरात सगळ्यांनी बघितला होता. अलोशियसनं तो तीनदा लावायला लावला होता. इंग्रजी भराभर होतं, पण मध्ये आपलं पूर्ण नाव त्याला ऐकू आलं, आणि ते ऐकताच सभागृहातले सगळे माना खाली घालून उभे राहिले. तेव्हा तो छाती काढून कार्मेलला बोलला होता, बघ, माझ्या नावाला उभे राहिले. कार्मेल उठून स्वयंपाकघरात गेली होती. आता त्याला कळलं ती का गेली.

मग चार वर्षांनी कायदा झाला. पारा ठरावीक अंशावर गेला की उघड्यावरचं काम बंद, सावली आणि पाणी मालकानं द्यायचं, माणूस दगावला तर मालकाला जेल. लोक त्याला अलोशियसचा कायदा म्हणायचे. त्याच कायद्यावर नायजेल मंत्री झाला. कार्मेल नातवंडांच्या वेळी दोनदा पर्थला जाऊन आली होती. अलोशियसची रजा दोन्ही वेळा कशी नेमकी जमली नव्हती, याचाही उलगडा आता झाला. अलोशियस रजेवर गावी असला की नायजेल दोन-तीन वर्षांनी भुईगावला गुपचूप येऊन बापाला भेटून जायचा, तेव्हा फोटो काढू द्यायचा नाही. मोठा माणूस, नसेल आवडत, असं अलोशियस समजायचा.

“तिकडं बायका माझे हात धरून रडायच्या,” कार्मेल म्हणाली. “मी पन रडायची. पहिल्यांदा खोटं. मग नाय. तीन आठवडे रोज रडले, तर खरंच वाटायला लागलं तुमी गेलात. परत आले, तुमी एअरपोर्टला उभे, हातात ती निळी पिशवी. मला तुमचीच भीती वाटली. तेव्हापासून त्या क्रूसाला मेणबत्ती लावते. लावली की बरं वाटतं.”

अलोशियसला राग यायला हवा होता आणि तो आलाही, पण आधी आली ती लाज. आपल्याच घरात आपण बारा वर्षं मेलेले आणि कुणी सांगितलं नाही, याची लाज. तो जेवला नाही. न जेवता तो परत यार्डात गेला आणि संध्याकाळपर्यंत साचे धूत बसला.

दुसऱ्या दिवशी नायजेलचा फोन आला. वेन्डीनं तो वडिलांच्या हातात दिला आणि बाल्कनीत निघून गेली. नायजेलचं मराठी अजून भुईगावचंच होतं, फक्त मध्ये मध्ये इंग्रजीची ठिगळं. तो रडवेला झाला होता, आणि ते ढोंग नव्हतं. माफी मागितली, दोनदा. मग म्हणाला की पुढच्या वर्षी निवडणूक आहे, विरोधातले बिल्डर कायदा मोडीत काढायला टपून बसलेत, त्यांनी कबरीबद्दल कुजबूज सुरू केलीय. टीव्हीवाली बाई बरोबर येतेय. क्रूसावर फक्त आडनाव आहे, म्हणून खाली एक पाटी हवी. नाव, जन्म, मृत्यू. ती अलोशियसच्या हातचीच हवी असं तो बोलला नाही, पण दुसरं कोण करणार होतं.

“पप्पा, वन मॉर्निंग. एक सकाळ फक्त,” तो म्हणाला. “कायदा गेला तर मानसं मरतील, पप्पा. पात्रस अंकल मेला तशी.”

“आनि पात्रस कुठं जाईल?” अलोशियसनं विचारलं.

“त्याला कोण विचारनार? ही हॅड नोबडी.”

“म्हनून तर आपला क्रूस दिला त्याला,” अलोशियस म्हणाला. मग म्हणाला, करतो पाटी.

ते त्यानं कुणासाठी कबूल केलं हे विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. पोरासाठी, कायद्यासाठी, की भर उन्हात थंडी वाजतेय म्हणणाऱ्या त्या माणसासाठी. बुधवारी सकाळी त्यानं यार्डाच्या कोपऱ्यात दोन फुटी साचा मांडला. तेलाचा हात फिरवला. अक्षरं पत्र्याची कापून साच्याच्या तळाला उलटी चिकटवली. ओ, वाय, एस. स्वतःचं नाव उलटं लावताना हात सारखा चुकत होता. मग बारीक चाळलेली वाळू, पांढरं सिमेंट, बेताचं पाणी. साचा भरल्यावर कडेनं हातोडी मारून त्यानं हवा काढली, वर ओलं गोणपाट टाकलं आणि उन्हात तडा जाऊ नये म्हणून तासातासानं पाणी शिंपडत राहिला.

त्याच दिवसापासून हजेरीचं मशीन त्याचा अंगठा घेईना. सिमेंटनं रेघा झिजलेल्या, हे नवीन नव्हतं, पुसून दाबला की घ्यायचं. आता पुसून, ओला करून, दुसऱ्या हाताचा लावून पाहिला. लाल दिवा. गुरुवारीही लाल दिवा. सुपरवायझर जोरात हसून म्हणाला, “मशीन बोलता है, ये आदमी मफी,” म्हणजे हा माणूसच नाही, आणि वहीत हातानं लिहून टाकलं. बाकीचे हसले. पाटी साच्यातून काढल्यावर मात्र हसले नाहीत. गुळगुळीत पांढऱ्या दगडावर अलोशियसचं नाव, १९५९ ते १९९६, अक्षर अन् अक्षर स्वच्छ. त्यानं आयुष्यात इतकी सुबक पाटी केली नव्हती. यार्डातली नेपाळी पोरं ती बघून आपापल्या कामाला लागली. दुपारच्या चहाला त्याच्या बाकावर कुणी बसलं नाही.

घरीही काहीतरी सरकत चाललं होतं. रात्रीच्या जेवणात कार्मेलनं कारलं केलं होतं आणि ते अलोशियस समोर बसून खात होता. तेवढ्यात पर्थहून सुनेचा फोन आला. बोलता बोलता कार्मेल तिला म्हणाली, “त्यांना कारलं फार आवडायचं गं.” अलोशियसचा घास हातात राहिला. तिनं फोन ठेवला, त्याच्याकडे पाहिलं, आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं त्याला आणखी कारलं वाढलं. शुक्रवारी वेन्डी म्हणाली की पप्पा उद्या सकाळी माझ्या मैत्रिणीकडे जाऊन बसतील. हे ती त्याच्यासमोर कार्मेलला म्हणाली. अलोशियस म्हणाला, मी कुठं जात नाय, पाटी बसवायला लागेल. दोघी थोड्या वेळानं वेगळंच बोलायला लागल्या. त्यांना ऐकू गेलं की नाही हे त्याला कळलं नाही, आणि पुन्हा बोलायची त्याला हिंमत झाली नाही.

शुक्रवारी दुपारी त्यानं पाटी ट्रॉलीवर घालून सिमेटरीत नेली. आभाळ धुळीनं गढूळ झालं होतं, सावली कुठंच पडत नव्हती, त्याचीसुद्धा. कबरीचं माप घेतलं, माती चार बोटं उकरली, खाली खडी दाबली. पाटी उचलून जागेवर ठेवायची तेवढी बाकी होती. ती उचलून तो तसाच थांबला. मेलो तर मेलो, त्याचं मन म्हणत होतं, पोराचं भलं होतंय, चार मजुरांचं भलं होतंय. पण खाली एक माणूस निजलाय. त्याला आई होती, ती फैसलाबादच्या कुठल्या गल्लीत अजून वाट बघत असेल किंवा मेली असेल. त्याची एवढी दोन हात जागा. ती काढून घ्यायची आणि तिच्यावर आपण निजायचं, आणि तेही जिवंतपणी. हे अलोशियसच्यानं होईना.

त्यानं पाटी खाली ठेवली, पालथी घातली आणि पिशवीतून छिन्नी काढली. मागची बाजू खडबडीत होती. पत्र्याची अक्षरं नव्हती, साचा नव्हता, होतं ते हातानं. इंग्रजी सहा अक्षरं आणि तारीख कोरायला त्याला दोन तास लागले. एकदा छिन्नी निसटून अंगठा सोलवटला. पात्रस, आणि खाली तारीख. मग त्यानं पाटी बसवली, पात्रसचं नाव आभाळाकडं आणि आपलं नाव मातीकडं. कडेनं सिमेंटचा मसाला भरून थापीनं घोटला. आता ती कुणाला उचलायची म्हटलं तरी फोडावी लागली असती. त्याला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

शनिवारी दहाला चार गाड्या आल्या. अलोशियस भिंतीपाशी फावडं घेऊन उभा होता. गवंडी तिथं असायलाच हवा, म्हणून त्याला कुणी हटकलं नाही. पुढं फादर, मग मालू फुलांची टोपली घेऊन, मग सूट घातलेले पाचसहा जण, कॅमेरावाला, टीव्हीवाली बाई. नायजेल कार्मेलचा हात धरून चालत होता. चाळिशीतच कानशिलं पांढरी झालेली, पोट थोडं सुटलेलं, आणि चाल मात्र सगळी बापाची, डाव्या अंगाला कलती. अलोशियसला भडभडून आलं. काळ्या झग्यातली कार्मेल त्याच्या अंगावरून गेली, त्याच्याकडे न पाहता. तिचा झगा त्याच्या फावड्याला घासला. तिनं तो नुसता सोडवून घेतला.

नायजेल पाटीसमोर थांबला. कॅमेरा चालू होता. त्यानं नाव वाचलं आणि अलोशियसनं त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होताना पाहिल्या. लहानपणी चोरी पकडली की अशाच व्हायच्या. ब्लॉकांतून वारा वाजत होता. आता बोलेल, अलोशियसला वाटलं. आता वळेल आणि माझ्याकडे बघेल. हातातलं फावडं त्यानं भिंतीला टेकवूनही ठेवलं.

टीव्हीवाल्या बाईनं हळू आवाजात विचारलं, पात्रस कोण?

नायजेलनं गुडघा टेकला, पाटीवर हात ठेवला. “माय फादर,” तो म्हणाला. “ॲट होम वी कॉल्ड हिम पात्रस.”

अलोशियसला इंग्रजी फार येत नव्हतं. एवढं येत होतं. बाईनं मान हलवून ते लिहून घेतलं. कार्मेलच्या तोंडून एक हुंदका निघाला, तो मात्र कुणालाही खोटा वाटला नसता. शुक्रवारचा तो पाहुणा तिलाही आठवला असेल, किंवा आपण काय करून बसलो ते कळलं असेल. नायजेलनं फुलं वाहिली. फादरनी प्रार्थना म्हटली. वेन्डी पूर्ण वेळ आपल्या बुटांकडे बघत होती.

मग सगळे पांगायला लागले. नायजेलचा सहायक, एक गोरा पोरगा, भिंतीपाशी आला आणि त्यानं अलोशियसच्या हातात थंड पाण्याची बाटली दिली. उन्हात काम करणाऱ्याला पाणी देणं आमच्या मिनिस्टरांच्या कायद्यातच आहे, असं तो हसून म्हणाला. तेवढ्यात टीव्हीवाली बाई आली. चांगली बाई होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. इतकी वर्षं ही कबर तुम्हीच सांभाळलीत का, असं तिनं विचारलं. अलोशियसनं मान हलवली.

“अँड युवर नेम, सर?”

त्यानं तोंड उघडलं. एक नाव पाटीच्या वर होतं, एक खाली. तिसरं त्याच्याजवळ नव्हतं. बाई पेन धरून थांबली होती. नायजेल लांबून झपाट्यानं आला. “ही डझन्ट हिअर वेल,” तो बाईला म्हणाला, आणि अलोशियसचा हात हातात घेतला. “थँक यू, अंकल. थँक यू.” हात त्यानं लवकर सोडला नाही. त्याचा अंगठा बापाच्या सोलवटलेल्या अंगठ्यावरून हळूच फिरला, एकदा, दोनदा. मग कुणीतरी हाक मारली आणि तो गेला. गाड्या निघून गेल्यावर अलोशियस एकटाच उरलेली माती ओढत राहिला.

तो घरी पोचला तेव्हा नायजेलचं विमान गेलं होतं. सात वाजले होते. वेन्डी ड्यूटीला निघून गेली होती. आतल्या खोलीत कार्मेल अजून काळ्या झग्यातच अल्तारासमोर गुडघे टेकून बसली होती आणि तिची रोझरी चालू होती. अलोशियसनं दारात चपला काढल्या, हातपाय धुतले आणि तिच्या मागं दोन हात अंतरावर गुडघे टेकले. लग्न झाल्यापासून तो असाच बसायचा. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

रोझरी संपली की रुमावांच्या घरात घरच्या मयतांची नावं घेतात. घरची बाई एकेक नाव घेते, आणि बाकीचे प्रत्येक नावाला आमेन म्हणतात. कार्मेलनं सासऱ्यांचं नाव घेतलं. अलोशियस आमेन म्हणाला. सासूचं घेतलं. आमेन. लहानपणी गेलेल्या दिराचं घेतलं. आमेन. पात्रसचं नाव ती दरवेळी घ्यायची, ते तिनं आज घेतलं नाही. ती थांबली. तिचे खांदे वर झाले, खाली आले. अलोशियसला वाटलं, संपलं, आता ती उठेल, वळेल, आणि आपण चहा मागू.

“अलोशियसच्या आत्म्यासाठी,” कार्मेल म्हणाली.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नाव घेतल्यावर कुणीतरी म्हणायलाच हवं होतं, म्हणून अलोशियस म्हणाला, “आमेन.”